आधी प्रश्न, मग चौकोन: यंत्रमाग कारखान्याच्या उदाहरणातून संकल्पनात्मक मॉडेलिंग

सोलापुरात बीसीए किंवा इंजिनिअरिंग करून बाहेर पडलेल्या मुलामुलींना पहिलं स्वतंत्र काम मिळतं ते बहुधा ओळखीतून. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मामांचा कारखाना असतो, नाहीतर पूर्व भागात मैत्रिणीच्या घरचे दहा-बारा यंत्रमाग असतात. "आमचं सगळं वहीत आहे, तेवढं कॉम्प्युटरवर आणून दे," इतकीच मागणी. लॅपटॉप उघडतो आणि तासाभरात टेबलं तयार होतात: चादर, कामगार, गिऱ्हाईक, बिल. प्रत्येकाला एक आयडी, मध्ये बाण. स्क्रीनही देखणे निघतात. दोन महिन्यांनी जाऊन बघावं तर मुनीमजी पुन्हा वहीत लिहीत बसलेले.

यात प्रोग्रॅमिंगचा दोष क्वचितच असतो. कारखान्यातल्या कोणत्या गोष्टी मोजायच्या, कोणत्या एकत्र धरायच्या आणि कोणत्या सरळ सोडून द्यायच्या, हे कुणी बसून ठरवलेलंच नसतं. हे ठरवणं म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्शन. ठरलेलं कागदावर उतरवलं की संकल्पनात्मक मॉडेल तयार होतं. डेटाबेस त्याच्या बराच नंतर येतो.

या कामाला पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे सगळी माहिती टेबलांत मांडायची पद्धत, मांडलं. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी एन्टिटी-रिलेशनशिप मॉडेल मांडलं: आधी जगातल्या वस्तू आणि त्यांचे संबंध काढा, टेबलांचं नंतर बघू. पुढच्याच वर्षी जॉन स्मिथ आणि डायन स्मिथ यांनी अ‍ॅग्रिगेशन (भाग जोडून एक गोष्ट धरणं) आणि जनरलायझेशन (सारख्या गोष्टी एका छत्राखाली आणणं) या दोन अ‍ॅबस्ट्रॅक्शनवर शोधनिबंध लिहिला. कॉलेजात परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या व्याख्यांचं मूळ बरंचसं तिथं आहे. त्या व्याख्या इथं पुन्हा देत नाही. चादरी आणि टॉवेल विणणारा एक कल्पित कारखाना घेऊ आणि काम करत पुढे जाऊ.

पायरी १: नोंदी विचारू नका, प्रश्न विचारा

"तुम्ही कशाकशाची नोंद ठेवता?" असं मालकांना विचारलं की उत्तर येतं, "सगळ्याची." त्यातून काही हाती लागत नाही. त्याऐवजी मुनीमजींना विचारा, "गेल्या आठवड्यात काय शोधायला वही उलटीपालटी करावी लागली?" मग खरं निघतं. या आठवड्याच्या पगाराला कुणाची किती मजुरी झाली? पार्टीनं मजुरीवर विणायला दिलेल्या सुतातलं किती लागलं, किती परत द्यायचं? अमुक व्यापाऱ्याकडे येणं किती? कोणत्या मागावर खराब माल जास्त निघतो?

असे पंधरावीस प्रश्न एका कागदावर, शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पुढे मॉडेलच्या आकृतीत येणारा प्रत्येक चौकोन (एक वस्तू), प्रत्येक रेघ (दोन वस्तूंमधला संबंध) या कागदावरच्या कुठल्या तरी प्रश्नासाठी आलेली असली पाहिजे. ज्याला कुठलाच प्रश्न हाक मारत नाही तो चौकोन कितीही गोंडस असला तरी खोडायचा. सोबत चलन, बिल, मजुरीचं रजिस्टर यांचे फोटो घ्या. पण ती वही जशीच्या तशी मॉडेल समजू नका. वहीत रकाने असतात ते कागदाच्या रुंदीनुसार, व्यवहाराच्या रचनेनुसार असतीलच असं नाही.

पायरी २: गाळा, आणि काय गाळलं ते लिहून ठेवा

अ‍ॅबस्ट्रॅक्शन हे काही संगणकवाल्यांनी शोधलेलं नाही. सूतबाजार ते रोज करतो. सुताचा काउंट घ्या: एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका काउंट. वीस काउंट म्हणजे पौंडाला १६,८०० यार्ड सूत. आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. २/२० लिहिलं असेल तर वीस काउंटचे दोन धागे पिळून एक केलेले. या आकड्यात गिरणीचं नाव नाही, रंग नाही, कापूस कुठला ते नाही. तरीही सौदे त्यावर ठरतात, कारण भाव काय आणि कापड किती जाड येईल या प्रश्नांना तेवढं पुरतं.

आता प्रश्न बदला. एकाच काउंटचं, एकाच रंगात रंगवलेलं पण वेगवेगळ्या लॉटचं (एका वेळी रंगवलेल्या खेपेचं) सूत एका चादरीत आलं, तर छटेत फरक पडून पट्टा उमटू शकतो. "ही तक्रार कुठल्या लॉटमुळे आली?" हा प्रश्न मालकांच्या कागदावर असेल तर काउंट आणि रंग पुरणार नाहीत, लॉट नंबर मॉडेलमध्ये आणावाच लागेल. नसेल तर लॉट गाळला तरी चालेल. सूत तेच, कारखाना तोच, प्रश्नामुळे मॉडेल वेगळं. "योग्य मॉडेल कोणतं?" असं नुसतं कुणी विचारलं तर त्याला उत्तर नसतं ते यामुळे.

नवशिक्यांना माझा आग्रह एका गोष्टीचा असतो. गाळलेल्या गोष्टींची वेगळी यादी करा आणि प्रत्येकीपुढे एका ओळीत कारण लिहा. "लॉट नंबर: नाही. रंगीत सूत तयार विकत घेतात, तक्रारीचा माग काढत नाहीत." सहा महिन्यांनी मालक म्हणतात, "अरे, लॉट का नाही यात?" तेव्हा ही यादी तुमच्या बाजूनं उभी राहते. आकृती नीटनेटकी काढणारे पुष्कळ भेटतात, ही यादी ठेवणारे फार थोडे.

पायरी ३: प्रकार कोणता, नग कोणता

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, म्हणून इथं वेळ द्या.

मालक एका दमात म्हणतात, "मोराच्या चादरीला मागणी आहे. लाल साठ-नव्वद चादर संपली. आणि काल एक चादर फाटकी निघाली." ऐकणारा एक "चादर" टेबल करतो. बोलणारा मात्र तीन पातळ्यांवरून बोललेला असतो. पहिली आहे डिझाइन: जकार्डवर (भोकं पाडलेल्या कार्डांनी नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) चढणारा नमुना, जो कितीही रंगांत विणता येतो. दुसरा आहे विक्रीचा प्रकार: मोर, लाल, ६० बाय ९० इंच. भाव आणि शिल्लक याला असते. तिसरा प्रत्यक्ष नग, जो काल मागावरून उतरला आणि फाटका होता.

तिन्ही एकत्र केले तर काय होतं? मोराचा नमुना प्रत्येक रंग-मापासाठी पुन्हा पुन्हा लिहावा लागतो आणि दहा ठिकाणी दहा स्पेलिंगनं लिहिला जातो. "खराब" अशी खूण केली की एक नग खराब की तो अख्खा प्रकारच बंद, हे कळत नाही. पातळी ओळखायची पद्धत सोपी आहे: एकेक गुण हातात घ्या आणि "हा कुणाचा?" असं विचारा. भाव कुणाचा? प्रकाराचा. कार्डांची संख्या कुणाची? डिझाइनची. फाटलेपण कुणाचं? नगाचं. वजन जरा फसवं आहे. ठरलेलं वजन प्रकाराचं, काट्यावर तोललेलं वजन नगाचं किंवा गाठीचं. एकाच नावाचे दोन गुण दोन पातळ्यांवर असू शकतात.

मग नगासाठी वेगळी एन्टिटी, म्हणजे आकृतीत स्वतंत्र चौकोन, करायची का? बहुतेक कारखान्यांत नको. चादरीवर कुणी क्रमांक टाकत नाही, माल डझनानं मोजतात आणि गाठीत बांधतात. एक चादर दुसरीपासून वेगळी ओळखायची गरज कुणालाच नसेल तर तिची "संख्या" पुरे. खराब नगांचीसुद्धा पाळीमागे संख्याच लिहा. एखादा खरेदीदार प्रत्येक नगावर बारकोड मागत असेल तर गोष्ट वेगळी. मागाचं उलट आहे: प्रत्येक मागाला नंबर असतो, त्याच्या दुरुस्तीचा इतिहास असतो, आणि खराब माल कुठल्या मागावर निघतो हा प्रश्न कागदावर आहेच. माग एकेक करून ओळखावा लागतो.

याहून मजेदार बीम. ताण्याचं, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांचं, सूत ज्यावर गुंडाळतात तो बीम. मुनीमजींच्या वहीत "बीम नं. १४" असं लिहिलेलं असतं. जानेवारीतला बीम नं. १४ आणि मार्चमधला बीम नं. १४ एकच का? लोखंडी रूळ म्हणून बघाल तर हो, रिकामा झाला की तो पुन्हा भरायला जातो. त्यावरचा ताणा म्हणून बघाल तर नाही. सूत वेगळं, लांबी वेगळी, कदाचित पार्टीही वेगळी. म्हणजे इथं दोन एन्टिटी दडल्या आहेत: रूळ आणि भरणी. पार्टीचं सूत किती लागलं हा हिशोब भरणीवर बसतो. रूळ हरवला का, कुणाकडे अडकला, हा प्रश्न रुळाचा. दुसरा प्रश्न मालकांना पडतच नसेल तर रूळ गाळा आणि नुसती भरणी ठेवा. पण एकाच चौकोनात दोन्ही कोंबू नका. मार्चचा हिशोब काढताना जानेवारीचं सूत त्यात येऊन बसेल.

"ही तीच वस्तू का, आणि कशावरून?" या प्रश्नाला निकोला गुआरिनो आणि क्रिस्टोफर वेल्टी यांनी मॉडेल तपासण्याच्या आपल्या पद्धतीत मध्यवर्ती जागा दिली आहे. सिद्धांत पुढे वाचालच. तूर्त प्रत्येक चौकोनापुढे हा प्रश्न पेन्सिलीनं लिहा आणि एका वाक्यात उत्तर देता येतं का बघा. देता आलं नाही, तर त्या चौकोनात एकाहून जास्त गोष्टी आहेत असं समजा.

पायरी ४: एका छत्राखाली काय आणायचं

एक व्यापारी कारखान्याला सूत विकतो आणि दिवाळीआधी चादरीही घेऊन जातो. तुमच्या मॉडेलमध्ये "पुरवठादार" आणि "ग्राहक" हे दोन वेगळे चौकोन असतील तर हा माणूस दोनदा नोंदला जाणार. त्याचं येणं एका खात्यात, देणं दुसऱ्या खात्यात, आणि निव्वळ किती ते काढायला पुन्हा कॅल्क्युलेटर. मुनीमजींनी हा प्रश्न केव्हाच सोडवलेला असतो. ते दोघांनाही "पार्टी" म्हणतात. तेच उचला. पार्टी ही एन्टिटी, आणि विकणं-घेणं या तिच्या भूमिका.

भूमिका आणि उपप्रकार यांतला फरक ओळखायला एक कसोटी पुरते: तो माणूस किंवा ती वस्तू तेच राहून हे असणं सोडू शकते का? ग्राहक उद्या खरेदी थांबवू शकतो, तरी तो तोच व्यापारी. विणकर पुढे जॉबर (माग लावून देणारा, त्यांची देखभाल करणारा) होऊ शकतो, माणूस तोच. या भूमिका. टेरी टॉवेल मात्र टेरी टॉवेल असणं सोडून चादर होऊ शकत नाही. तो उपप्रकार.

उपप्रकार करतानाही हात आखडता ठेवा. "उत्पादन" या छत्राखाली चादर आणि टॉवेल येतील, कारण माप, वजन, भाव, कर हे दोघांनाही आहे. टेरी टॉवेलला वर फासे असतात, त्याची जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम वजन) विचारली जाते. चादरीबाबत प्रश्न जकार्डच्या डिझाइनचा. प्रत्येकाला स्वतःचा काही गुण किंवा स्वतःचा संबंध आहे म्हणून वेगळे उपप्रकार. लाल चादरीला असं स्वतःचं काही नाही. ती उपप्रकार नाही, लाल हे फक्त रंग या गुणाचं मूल्य आहे.

हुशार मुलं याच पायरीवर दुसऱ्या टोकाला जातात. सगळ्याला एकच "वस्तू" म्हणायचं, आणि गुणांसाठी "गुणाचं नाव" व "गुणाचं मूल्य" असे दोन रकाने. काहीही नवीन आलं तरी टेबल बदलायला नको! ऐकायला छान वाटतं. पण या मॉडेलला चादरीची जीएसएम, मागाचा रंग, कामगाराची पाळी सगळंच मान्य असतं. ते कशालाच नाही म्हणत नाही, म्हणून व्यवहाराबद्दल काहीच सांगत नाही. कारखान्याचे नियम मग प्रोग्रॅमच्या कोपऱ्याकोपऱ्यात लपतात आणि तुम्ही नोकरीला पुण्याला गेलात की कुणाला सापडत नाहीत. मी हा प्रकार जवळपास नेहमीच टाळतो.

पायरी ५: संबंध कधी वस्तू होतो

"कामगार मागावर काम करतो." दोन चौकोन, एक रेघ. एक विणकर एकाहून जास्त माग सांभाळतो, एका मागावर दोन पाळ्यांत दोन विणकर येतात, म्हणजे अनेकास अनेक. इथवर पुस्तकातलं. आता विचारा: आज निघालेला दीड डझन माल कुठं लिहायचा? कामगाराच्या चौकोनात नाही, कारण मागही हवा. मागाच्या चौकोनात नाही, कारण मजुरी माणसाला द्यायची. तो बसतो त्या दोघांच्या त्या दिवशीच्या, त्या पाळीतल्या गाठीभेटीवर. म्हणून रेघ उचलून तिचा चौकोन करायचा: "पाळीची नोंद". संबंधाला वस्तू मानण्याची ही चाल दोघा स्मिथांच्या अ‍ॅग्रिगेशनमध्येच आहे.

ओळखायचं कसं? संबंधाला स्वतःचा क्रमांक, तारीख किंवा संख्या मिळाली, किंवा त्यावर कुणी सही करायला लागलं, की तो वस्तू झाला. मजुरीवर विणायचं काम हे ठसठशीत उदाहरण. पार्टी, तिचं सूत, डिझाइन, ठरलेला दर, मान्य केलेली घट, सगळं एकाच बोलणीत ठरतं आणि त्याचं चलन फाटतं. याला पार्टी आणि डिझाइन यांच्यातली नुसती रेघ म्हणणं म्हणजे कारखान्याचा अर्धा धंदा रेघेत लपवणं.

पूर्ण आणि भाग यांचं नातंही इथंच तपासून घ्या. ऑर्डर रद्द झाली तर तिच्या ओळी (कोणता माल, किती) उरत नाहीत. गाठ सोडली तर चादरी उरतात. आकृतीत दोन्ही जोड्या सारख्याच दिसतात, पण खोडण्याचे नियम उलटे आहेत.

पायरी ६: काळ

मजुरीचा दर बदलतो. दर नुसता प्रकाराच्या चौकोनात ठेवलात तर दर बदलताच मागच्या महिन्याचा हिशोबही बदलून दिसेल, आणि पगाराच्या दिवशी ऑफिससमोर गर्दी होईल. "दर आणि लागू दिनांक" असा वेगळा चौकोन करा. पार्टीचा जुना पत्ता, मागाची जुनी जागा यांचा इतिहास मात्र कुणी विचारत नसेल तर ठेवू नका. काळ गाळणं हेही अ‍ॅबस्ट्रॅक्शनच, ते चुकून होऊ नये इतकंच.

पायरी ७: अजून टेबल नको

फोन नंबर अंकी की अक्षरी, इंडेक्स कुठं, कोणता डेटाबेस, यातलं काहीही या कागदावर येऊ देऊ नका. वापरणाऱ्याला दिसणारं, सगळ्यांचं मिळून एक संकल्पनात्मक, आणि यंत्रात साठवलेलं अशा तीन पातळ्या वेगळ्या ठेवण्याचा आराखडा अमेरिकेतल्या अ‍ॅन्सी-स्पार्क अभ्यासगटानं १९७५ मध्येच मांडला होता. मधली पातळी स्वच्छ राहिली तर खाली डेटाबेस बदलला किंवा वर मोबाईल अ‍ॅप आलं तरी तिला फारसा धक्का लागत नाही.

पायरी ८: मॉडेल वाचून दाखवा

आकृती मालकांपुढे धरली की ते मान हलवतात. त्या होकाराला अर्थ नाही, कारण चौकोन-रेघांची भाषा त्यांची नाही. प्रत्येक रेघेचं साधं वाक्य करा आणि मोठ्यानं वाचा. "एक भरणी एकाच मागावर लागते, बरोबर?" लगेच उत्तर येईल, "नेहमी नाही. माग बंद पडला तर उरलेला ताणा दुसऱ्यावर नेतो." एका वाक्यानं एक चूक सापडली, आणि तीही कोड लिहिण्याआधी. वस्तुस्थिती वाक्यांत मांडून तपासण्याची ही रीत निस्सेन यांच्या नियाम पद्धतीत आणि पुढे टेरी हाल्पिन यांच्या ओआरएममध्ये (ऑब्जेक्ट-रोल मॉडेलिंग) व्यवस्थित बांधलेली आहे.

वाक्यांत खऱ्यासारखी उदाहरणं घाला: "माग ७ वर सोमवारी रात्रपाळीत दोन विणकर असू शकतात का?" मुद्दाम चुकीचं वाटेल असंही विचारा, कारण "छे, असं होतच नाही" हे उत्तर म्हणजे तुमच्यासाठी एक नियम. पूर्व भागातल्या बऱ्याच कारखान्यांत घरातली आणि मागावरची बोली तेलुगू असते. जॉबरला किंवा जुन्या विणकराला प्रश्न त्याच्या भाषेत पोचवणारं कुणी सोबत असेल तर अपवाद भराभर बाहेर येतात. मालकांना नियम माहीत असतात, पण नियम मोडतो कुठं ते मागावरच्या माणसाला माहीत असतं.

या वाचनानंतर तिसऱ्या आणि पाचव्या पायरीवर परत जावं लागेल, ते गृहीतच धरा.

सरावासाठी

कारखाना हाताशी नसेल तर सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाला सकाळी जाऊन उभे राहा. शेतकरी, आडत्या, खरेदीदार, हमाल, तोलणारा, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशोबपट्टी. पेन आणि कोरा कागद पुरे. एका शेतकऱ्याचा माल दोन भावांनी गेला तर भाव कुणाचा गुण? आडत्या स्वतः खरेदी करू लागला तर तो कोण? हमाली पोत्यामागे, तोलाई वजनावर, मग पोतं ही एन्टिटी की नुसती संख्या? पट्टी ही वस्तू धरायची, की लिलावाच्या नोंदींतून केव्हाही काढता येणारा हिशोब? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी एखादी जुनी पट्टी मागून बघा. तिच्यावर क्रमांक आणि सही आहे का ते तपासा, आणि शेतकऱ्याला विचारा, भांडण झालं तर तो पुरावा म्हणून काय दाखवतो: आडत्याची वही की हा कागद.